हळद लागलेली सीडी

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणी "बाई, एवढं कशाला ताणायचं" असं म्हणायला नको. तेहतीस वर्षं परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता जालन्यात मस्तगडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते. पुढच्या खोलीत एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन जडशीळ लाकडी स्पीकर आहेत आणि भिंतीतल्या कपाटात चारशेच्या वर सीडी आहेत. घरात येणारा प्रत्येक जण त्या सीडींकडं रद्दीकडं बघावं तसं बघतो आणि मग खिशातून मोबाइल काढून मला दाखवतो. नववीत दोनदा बसलेला माझा एक विद्यार्थी, तोही परवा शिकवून गेला की बाई, आता सगळं यात येतं. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि म्हटलं, "यात काय येतं ते मला ठाऊक आहे. काय येत नाही ते तुला ठाऊक नाही."

गेल्या उन्हाळ्यात माझा सीडी प्लेअर बंद पडला. वीस वर्षांचं मशीन. सीडी आत घ्यायचा, दोन मिनिटं कुरकुरायचा आणि पडद्यावर लिहायचा, 'नो डिस्क'. डोळ्यांदेखत सीडी दिलीय आणि हा म्हणतो नाहीच! दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि मान हलवली. "म्याडम, ह्याचा डोळाच गेला. असला लेझर आता मिळत न्हाई. कामून खर्चा करून राह्यले?"

पुण्याला लेकीला फोन केला. वाटलं होतं ती हळहळेल. ती म्हणाली, "बरं झालं, गेला एकदाचा. आई, तुला स्ट्रीमर पाठवते. छोटा डबा असतो, वायफायला जोडायचा, अ‍ॅम्प्लिफायरला वायर लावायची. जगातली सगळी गाणी घरात."

"मला जगातली सगळी नकोत. माझ्या कपाटातली हवीत."

"तीही मिळतील त्यात."

"सगळी?"

मी कुठल्या सीडीबद्दल विचारते आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

ती सीडी बाजारातली नाही. तिच्यावर माझ्या लेकीच्या हळदीची गाणी आहेत आणि ती माझ्या आक्कानं म्हटली आहेत. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला परतूरजवळच्याच एका खेड्यात दिली होती. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, सहीच्या जागी अंगठा द्यायची, पण तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. आसपास कुठंही हळद असली की आक्काला बोलावणं यायचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा आवाज म्हणून मागं राहिली ती ही एकच सीडी.

आमच्याकडं हळदीच्या गाण्याची एक रीत आहे. धृपद तेच राहतं, पण प्रत्येक कडव्यात नवरीच्या एकेका नात्याला बोलवायचं. मामी आली हळद लावायला, काकू आली, आत्या आली. प्रत्येकीच्या अंगावरची, वागण्यातली एखादी खूण गुंफून कडवं जागच्या जागी रचायचं. जिचं कडवं होतं ती मान ताठ करून हळद लावते आणि जिचं राहतं ती रुसते. माझी एक चुलत नणंद एवढ्याच कारणावरून आमच्याशी तीन वर्षं बोलत नव्हती.

विधवेचं कडवं मात्र कुणी करत नाही. ती रुसतही नाही, कारण ती तिथं नसतेच.

माझे यजमान गेले तेव्हा लेक आठ वर्षांची होती. त्यानंतर मी किती हळदींना मागच्या दारी बसले त्याचा हिशेब ठेवलेला नाही. शाळेत पोरांना ग्रहणाचं भय घालवायला शिकवायचं आणि घरी आलं की आपणच ग्रहण होऊन बसायचं. त्याचाच राग असेल, मी गाणी लावायला लागले. आधी टेप, मग पगारातून एकेक करत हा संच. "नवरा जाऊन वर्ष झालं न्हाई आन् हिच्या घरी गाणे वाजून राह्यले," असं शेजारी बोलायचे. मी आवाज वाढवायची. दुसरं काय करणार होते?

लेकीच्या हळदीच्या वेळी मंडप माझ्या दारात होता, खर्च माझा होता, पाहुण्यांना आवतण माझ्या अक्षरातलं होतं. पण नवऱ्यामुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या आणि मी न सांगता मागच्या अंगणात गेले, आचाऱ्याजवळ. कुणी जा म्हटलं नाही. म्हणायची वेळच आपण येऊ देत नाही, इतकी ती सवय अंगात मुरलेली असते.

भोंगेवाल्याला मात्र मी आठ दिवस आधी बजावून ठेवलं होतं. त्यानं आवाज जुळवायचा नवीन मिक्सर आणि कॉम्प्युटर घेतला होता आणि माइकमध्ये जे येईल ते तो सीडीवर भरून द्यायचा. "आक्काची गाणी पुरी भर," मी म्हटलं, "मधलं काही कापू नको." मला पुढच्या दारी बसता येणार नव्हतं, म्हणून मी आवाजाची सोय करून ठेवली होती. शूटिंगवालाही होता, पण त्यांची तऱ्हा मला माहीत होती. चित्र आपलं ठेवतात आणि वर सिनेमाचं गाणं चिकटवतात. झालंही तसंच. लेकीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आक्काचं तोंड हलतं आणि आवाज भलत्याच बाईचा येतो.

तर मी मागं भट्टीजवळ बसले होते. भोंगा गच्चीच्या कठड्याला बांधलेला, त्यातून आक्काचा आवाज येत होता. चाल कुठल्याशा जुन्या सिनेमातली होती, शब्द तिचे.

हळद लागली, लागली हळद नवरीला
मामी आली लावायला, चुडा भरून कोपराला

मामी झाली, काकू झाली, आत्या झाली. मी आचाऱ्याला मीठ काढून देत होते आणि भोंग्यातून आलं,

हळद लागली, लागली हळद नवरीला
माय आली लावायला, पुसून खडू पदराला

हातातली मिठाची पिशवी तशीच राहिली. खडू पदराला पुसणारी माय त्या मांडवात दुसरी कुठली असणार! आक्कानं माझं कडवं केलं होतं. भर मांडवात, नवऱ्याकडच्या बायकांसमोर, पाच सवाष्णींच्या रांगेत मला नेऊन बसवलं होतं.

आणि भोंगा बंद पडला. एकदम. मी कान देऊन उभी राहिले. आचारी म्हणाला, "बाई, मीठ." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मिनिट असेल, जास्तही असेल. मग भोंगा परत खरखरला, बायका धृपद म्हणत होत्या आणि पुढचं कडवं मावशीचं होतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना विचारलं, मध्येच काय झालं होतं? जिला विचारलं तिनं एकच सांगितलं, "लाइट गेल्ती." आक्कालाही विचारलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "गेल्ती माय. लाइटचा काय भरवसा हाये?"

आता मी विज्ञानाची मास्तरीण. आचाऱ्याच्या डोक्यावरचा हॅलोजन त्याच लाइनवर होता आणि तो क्षणभरही विझला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं, लेक सासरी जायची होती, मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी सीडी आली, तेव्हा आक्का घरीच होती. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडं आधी हळदीकुंकू. गाडी असो, फ्रिज असो, दसऱ्याला पोरांची पुस्तकं असोत. आक्कानं करंडा आणला, सीडी उलटीसुलटी करून बघितली. एका बाजूला भोंगेवाल्यानं स्केचपेननं काहीतरी खरडलं होतं, दुसरी बाजू आरशासारखी. तिला वाटलं, चकचकीत तेच तोंड. मी "अगं आक्का" म्हणेपर्यंत तिनं तिथं बोट टेकवलं होतं.

"आक्का, ती वाचायची बाजू असते!"

"मंग बराबरच हाये की. वाचणाऱ्याला आधी माझी हळद दिसंल."

कुंकू झटकलं गेलं, पण हळदीचं बोट तसंच राहिलं. आणि नशीब बघा. सीडी आतून बाहेरच्या बाजूला वाचली जाते, तो डाग होता मधोमध. माझा प्लेअर 'पुसून खडू पदराला' इथपर्यंत सुरळीत यायचा, मग करकरायचा आणि उडी मारून थेट मावशीच्या कडव्यावर जाऊन पडायचा. अठरा वर्षं मी ती सीडी ऐकली आणि अठरा वर्षं तो तिथंच उडी मारत आला.

पुसायचा होता डाग, असं तुम्ही म्हणाल. लेक तेवढी म्हणायची नाही, पण इतर सगळे म्हणायचे. आधी पुसला नाही कारण आक्काला वाईट वाटलं असतं. मग अंगवळणी पडलं. आणि ती गेल्यावर एकदा ती सीडी खिडकीशी धरून बघितली तेव्हा त्या पिवळ्या डागात तिच्या बोटाच्या रेषा दिसल्या. जिची सही म्हणजे अंगठा, तिची ती सहीच होती. ती मी पुसणार नाही. कुणाला त्यात वेडेपणा दिसत असेल तर दिसू दे.

लेकीनं स्ट्रीमर पाठवलाच. मी महिनाभर इमानदारीत वापरला, न वापरता नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आवाज चांगला आहे, खोटं बोलणार नाही. कपाटापर्यंत उठावं लागत नाही, गुडघ्यांना आराम. पण गाणं संपलं की तो डबा स्वतःच्या मनानं पुढचं लावतो. मी एक ऐकायला बसले तर मला सात ऐकवून उठवतो. आवडीचा एक जुना अल्बम सोमवारी होता, शुक्रवारी तिथं करड्या अक्षरांत लिहून आलं की हा आता उपलब्ध नाही. का नाही? कुणी नेला? उत्तर देणारं कुणी नाही. माझ्या कपाटातून एखादी सीडी अशी नाहीशी झाली असती तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

आणि मग आक्काच्या गाण्यांचं झालं. लेकीनं काही वर्षांपूर्वी माझी ती सीडी नेऊन तिची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. मला स्ट्रीमरवर ऐकता यावं म्हणून तिनं ती इंटरनेटवर कुठंतरी चढवली, फक्त आपल्यापुरती. दोन आठवडे वाजली. तिसऱ्या आठवड्यात लावते तर आक्का नाही, नुसती शांतता. खाली ओळ, की या गाण्याच्या चालीवर दुसऱ्याचा हक्क असल्यानं आवाज बंद करण्यात आला आहे.

माझं डोकं सणकलं. आक्कानं त्या चालीवर अर्ध्या तालुक्यातल्या पोरी सासरी धाडल्या. तेव्हा कुणी आलं नाही हक्क सांगायला. जिचं तोंड जितेपणी सासू, दीर, सरपंच कुणीच बंद करू शकलं नाही, तिचं तोंड मेल्यावर एका मशीननं बंद केलं, आणि तेही माझ्या घरात, माझ्याच स्पीकरवर!

लेक फोनवर समजूत काढायला लागली. "आई, चिडू नको. फाइल आहे माझ्याकडं. पेन ड्राइव्हवर देते, तीच लाव."

"त्या फाइलमध्ये माझ्या कडव्यानंतर काय आहे?" मी विचारलं. कारण त्या दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आलं होतं. तिच्या नकलेत ना करकर होती ना उडी. माझं कडवं संपलं की लगेच धृपद, एखाद्या हुशार शिंप्यानं सांधावं तसं.

"काही नाही गं. नुसती खरखर होती, म्हणून कापली. तेव्हा लाइट गेली होती ना."

फोन ठेवला आणि मी बसून विचार केला. लाइट गेली असती तर भोंगेवाल्याचा कॉम्प्युटरही बंद पडला असता आणि गाण्याचे दोन तुकडे झाले असते. सीडीवर तर ते गाणं एकाच आकड्याखाली, एकसंध होतं. म्हणजे भोंगा बंद होता, पण भरणं चालू होतं. त्या डागाखाली काहीतरी होतं आणि ते माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. त्याच दिवशी मी ठरवलं की सीडी वाचणारंच मशीन घ्यायचं, ते जगात कुठंही मिळत असलं तरी.

शोधता शोधता सीडी ट्रान्सपोर्ट सापडला. हा प्लेअर नसतो. पोथीला जशी दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा, तसं हे आहे. ट्रान्सपोर्ट फक्त वाचतो. सीडीवरचे आकडे उचलतो आणि पुढं देतो. त्या आकड्यांचा आवाज करायचं काम दुसऱ्याचं, आणि ते करणारा भाग माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होताच. सगळी अक्कल वाचण्यातच घातलेली असल्यामुळं तो नीट वाचतो. एखादी ओळ लागली नाही तर मागं जाऊन परत वाचतो, पुन्हा वाचतो, आणि जुळली की मगच पुढं देतो. मला असाच वाचणारा हवा होता.

संभाजीनगरला एका दुकानात गेले. दुकानदार पोरसवदा, गोड बोलणारा. "काकू, सीडीचा जमाना गेला. या पैशांत फर्स्ट क्लास स्ट्रीमर देतो."

"स्ट्रीमर आहे माझ्याकडं."

"मग ट्रान्सपोर्ट कशाला?"

"त्या स्ट्रीमरला माझी बहीण वाचता येत नाही."

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं वाद घातला नाही. मशीन मागवून द्यायला तीन आठवडे लावले. मी जाऊन ते घेऊन आले, एसटीत मांडीवर धरून. कंडक्टरनं खोक्याकडं बघत विचारलं, "मावशी, मिक्सर का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं."

नेमकी तेव्हा लेक दिवाळीला आलेली. खोकं बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, पैसे घातले म्हणून. दुपारी जेवणं झाली, मी मशीन अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं. लेक म्हणाली, "थांब, हळदीकुंकू लावते आधी." सवाष्ण म्हणून तो मान तिचाच, माझ्या घरात गेली बत्तीस वर्षं नव्या वस्तूला आक्का नाहीतर तीच लावत आली आहे, मी नाही. मी म्हटलं, "आधी वाजतंय का बघू. मग लाव."

सीडी खोबणीत बसवली. पडद्यावर गाण्याचा आकडा आला. लेक उठली, "तू ऐक, मी चहा टाकते."

"बस."

वर्गात वापरायचे तो आवाज मी लेकीसाठी कधी वापरला नव्हता. ती बसली.

मामी, काकू, आत्या. आक्का खोलीत येऊन बसल्यासारखी वाटत होती. तिचा कडव्याआधीचा श्वास, मागं कुणाचातरी चुडा. मग माझं कडवं. 'पुसून खडू पदराला.' मशीनमधून बारीक घरघर ऐकू आली, ते मागं जाऊन वाचत होतं. मी पदर मुठीत धरला होता. गाणं तुटलं नाही.

बायकांनी धृपद उचललंच नव्हतं. त्याऐवजी माइकच्या अगदी जवळ एका पोरीचा आवाज. "मावशी, आईचं नको ना घेऊ. ते लोक बसलेत. अपशकुन म्हणतील."

तो आवाज माझ्या लेकीचा होता.

मग आक्का. माइक तिनं हातात झाकला असावा, आवाज दबलेला, पण शब्द न् शब्द लागत होता. "कोण म्हणंल? ते तर काही म्हणून न्हाई राह्यले. तूच म्हणून राह्यलीस." आणि लगेच, "जिनं तुला एकटीनं वाढवलं तिचं नाव हळदीत चालत न्हाई, मंग ही हळद तरी कामून चालती? पूस सगळी. पूस, मी उठते."

कुणीतरी "जाऊ द्या आक्का" म्हणालं. आक्का त्या बाईला म्हणाली, "तुम्ही नका म्हणू. मी एकटी म्हणते. बिलकुल एकटी म्हणते." आणि तिनं माझं कडवं परत घेतलं, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत. हळद लागली, लागली हळद नवरीला. माय आली लावायला, पुसून खडू पदराला. धृपदाला कुणीच नव्हतं. आक्का एकटीच ओढत होती.

दुसऱ्या ओळीला एक बारीक, चिरका, रडवेला आवाज तिला येऊन मिळाला. नवरीनं स्वतःच्या हळदीत म्हणायचं नसतं. माझी लेक म्हणत होती. मग एकेक करत बाकीच्या आल्या, आणि भोंगेवाल्यानं तिथं भोंग्याचा आवाज परत चढवला असणार. कारण तिथून पुढचं मी मागच्या दारी ऐकलेलं होतं.

मी सीडी थांबवली. लेक खाली बघत होती. "बावीस वर्षांची होते आई," ती म्हणाली. "भ्याले होते. नक्कल उतरवताना माझ्या कॉम्प्युटरनं ते वाचलं. तुला ऐकवायची हिंमत झाली नाही."

मला वाईट वाटलं. माझ्याच पोटच्या पोरीनं मला मांडवाबाहेर ठेवायला सांगितलं होतं आणि सगळ्या बायकांनी मिळून अठरा वर्षं मला लाइटची गोष्ट सांगितली होती. रागही आला, भरपूर. पण तिच्यावर किती करणार? मी मागच्या दारी आपल्या पायांनी गेले होते, ते बघतच ती मोठी झाली होती. भ्यायला तिला मीच शिकवलं होतं.

"तुझी चूक कापलीस ते समजू शकते," मी म्हटलं. "पण त्याबरोबर तू म्हटलेलं माझं कडवंही कापून टाकलंस, बये. ते कुणाचं होतं? तुझ्या एकटीचं?"

ती रडायला लागली. मी रडू दिलं. मग म्हटलं, "करंडा आण."

तिनं करंडा आणला, डोळे पुसले आणि सवयीनं स्वतःचं बोट हळदीत घालायला गेली.

"इकडं दे."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि करंडा पुढं केला. मी हळद घेतली, कुंकू घेतलं आणि मशीनच्या बरोबर कपाळावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावलं. ठसा चांगला उमटला.

"आई, त्या चकचकीत बाजूला नको हं," लेक नाक ओढत म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

मग मी ते गाणं पहिल्यापासून लावलं, आवाज पार भोंग्याएवढा केला आणि गल्लीकडचं दार उघडलं. समोरची बाई ओट्यावर येऊन बघायला लागली. माझं कडवं आलं तेव्हा लेक पहिल्याच ओळीला म्हणायला लागली होती.